अख्ख्या भोपळ्याचं करायचं काय?

मंडईत तांबडा भोपळा अख्खा विकत घेताना तुम्ही कुणाला पाहिलंय? आचारी सोडून द्या, त्यांचं सगळंच अख्खं असतं. साधी संसारी माणसं भोपळ्याची फोड घेतात. भाजीवालीनं एक भोपळा चिरून, आतला केशरी गर गिऱ्हाइकाला दिसेल असा रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. आपण जायचं आणि म्हणायचं, "मावशी, पाव किलो द्या. देठाकडचा नको." मावशी कोयता टेकवते, एक काप काढते, तराजूत टाकते. तो हमखास साडेतीनशे ग्रॅम भरतो. "असू द्या हो, भोपळाच तर आहे," असं म्हणून ती तो पिशवीत सारते आणि आपणही "भोपळाच तर आहे" म्हणून पैसे देतो. तो मुळात केवढा होता, उरलेला कोण खातं, मावशीच्या पाठीमागे रचलेल्या त्या आठ-दहा धुडांचं संध्याकाळपर्यंत काय होतं, याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही.

बागेत मात्र वेलीला फोड लागत नाही. वेलीला लागतो तो अख्खा भोपळा. घरच्या भोपळ्याची सगळी गोष्ट या एका वाक्यात संपते. पुढचा मजकूर ज्यांना तपशिलाची आवड आहे त्यांच्यासाठी.

आमच्या साताऱ्यातल्या कॉलनीत प्रत्येक घरापुढे, नाही म्हटलं तरी दोन वाफे निघतील एवढी जागा आहे. त्यामुळे इथे प्रत्येक जण शेतकरी आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेतीतला तज्ज्ञ आहे. टोमॅटोला काठी लागते, वांग्याला औषध लागतं, कोथिंबिरीला नशीब लागतं. भोपळ्याला यातलं काहीच लागत नाही. तो लावावाच लागत नाही, तो येतो. उन्हाळ्यात कधीतरी केलेल्या भाजीच्या बिया ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात पडलेल्या असतात. मृगाचे चार थेंब पडले की बीचं टरफल डोक्यावर घेऊनच दोन जाडजूड दलं खड्ड्याबाहेर येतात. ज्या वाफ्यात आपण नर्सरीतून आणलेली, नावाची पाटी खोचलेली, रोज पाणी घातलेली ढोबळी मिरची मान टाकून उभी असते, त्याच्या शेजारी हा बिनबुलाया पाहुणा आठवड्याला हातभर वाढत असतो.

हे काय उगवलंय यावर मतभेद झाले नाहीत तर ती कॉलनी कसली! शेजारच्या काकू म्हणाल्या दुधी. काकांनी घोसाळं सांगितलं, कारण काकूंनी दुधी सांगितला होता. समोरचे अण्णा निवृत्तीनंतर गाणं शिकताहेत. ते वेलीकडे बघत हळवे झाले. "वाळवून ठेवा हो याचा एखादा," ते म्हणाले, "मिरजेला नेऊन तंबोरा करून घेऊ." कोपऱ्यावरच्या घरात जीवशास्त्राचे निवृत्त सर राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटसुलट केलं, पानावरचे पांढुरके ठिपके दाखवले आणि निकाल दिला: तांबडा भोपळा. तंबोऱ्याचा भोपळा वेगळा. तो दुधीच्या गोत्रातला, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे त्याचं पीक घेतात, तो वाळून खणखणीत होतो आणि मिरजेत त्याचे तंबोरे आणि सतारी होतात. २०२४ साली मिरजेच्या त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. "याचा तंबोरा केलात," सर अण्णांना म्हणाले, "तर षड्ज लागायच्या आत बुरशी लागेल." अण्णांनी वेलीत रस घेणं त्या दिवसापासून थांबवलं.

भोपळ्याच्या दोन वेलींमध्ये दोन-तीन मीटर अंतर ठेवावं असं शेतीच्या पुस्तकांत दिलेलं असतं. वेल आणि शेजारी यांच्यात किती ठेवावं, हे कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही. आषाढात आमची वेल वाफ्यातून बाहेर पडली. श्रावणात तिनं कपडे वाळत घालायची दोरी ताब्यात घेतली. नंतर ती कंपाउंडच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे काकांच्या अंगणात उतरली. भोपळ्याच्या वेलीचे तणावे हे प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. सकाळी सरळ, हवेत काहीतरी चाचपडणारा हिरवा तंतू दिसतो. दुपारी त्याला काही सापडलेलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याचे वेढे बसून अशी स्प्रिंग तयार झालेली असते की वेल तुटेल पण गाठ सुटणार नाही. काकांची स्कूटर दोन दिवस जागची हलली नाही आणि तिसऱ्या दिवशी ब्रेकच्या दांडीला तणाव्याचे वेढे निघाले. काका कात्री घेऊन आले, पण त्याच फांदीवर पुढे फूल दिसलं म्हणून कात्री खिशात घालून परत गेले. "मूळ तुमच्याकडे असलं तरी," ते जाता जाता म्हणाले, "फळ ज्याच्या हद्दीत, त्याचं." जिल्हा न्यायालयातून ते कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे या विधानाला वजन होतं.

फुलं आली आणि कॉलनीत निराळीच चर्चा सुरू झाली. पिवळीजर्द, वितीएवढी फुलं. रोज सकाळी आठ-दहा उमलायची आणि रोज दुपारी मिटून लोळागोळा व्हायची. फळाचा पत्ता नाही. "वेल वांझ आहे," असं एका पक्षाचं मत पडलं. "वेल नर आहे, उपटून टाका," असं दुसऱ्या पक्षाचं. खरी गोष्ट अशी की भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात आणि नर फुलं आधी येतात. आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, नुसतीच नर फुलं येऊन, लांब देठावर टेचात उभी राहून, काहीही न करता गळून जातात. सरांनी हे समजावून सांगितल्यावर काकू काकांकडे बघून म्हणाल्या, "यात नवीन काय सांगितलंत?"

नर फुलांचा एक उपयोग आहे आणि तो महाराष्ट्राला माहीत आहे: भजी. फुलाच्या आतला दांडा काढून टाकायचा, फूल पाण्यातून हलकेच काढायचं, तिखट-मीठ-ओवा घातलेल्या डाळीच्या पिठात बुडवायचं आणि तेलात सोडायचं. पाकळी एवढी पातळ असते की आत फूल आहे यावर विश्वास ठेवूनच खावं लागतं. पण भजीची चटक लागली की घरात दोन तट पडतात. एका तटाला आज भजी हवी असतात, दुसऱ्याला आश्विनात भोपळा. मादी फूल उमलेल त्या सकाळी वेलीवर एकही नर फूल शिल्लक नाही, ते सगळं काल संध्याकाळी चहाबरोबर संपलं, असा प्रसंग भोपळा लावणाऱ्या बहुतेक घरांत एकदा तरी येतो.

मादी फूल ओळखणं सोपं. त्याचा देठ आखूड असतो आणि फुलाच्या बुडाशी गोटीएवढा हिरवा भोपळा आधीच तयार असतो. माणसांत जे नंतर दिसतं ते इथे आधीच दिसतं. पण ती गोटी म्हणजे फळ नव्हे, नुसता अर्ज. त्याच सकाळी नर फुलातले पराग त्या फुलात पोचले तर अर्ज मंजूर. नाही तर चार दिवसांत गोटी पिवळी पडून गळून जाते. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. एवढ्या वेळात मधमाशीनं यायचं. पावसाळ्यात साताऱ्याला मधमाशी येणार कशी? ती शहाणी असते, पावसात घराबाहेर पडत नाही. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं आहे, पण तिथल्या सातेरी माश्यांना साताऱ्यापर्यंत एसटीची सोय नाही. तेव्हा माशीचं काम माणसाला करावं लागतं.

ते काम असं. उजाडल्यावर वेलीत शिरायचं. भोपळ्याच्या पानांना आणि देठांना बारीक खरखरीत लव असते. पोटऱ्यांना खाज सुटते, तिकडे दुर्लक्ष करायचं. एक ताजं नर फूल देठासकट खुडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या. हातात उरतो पिवळ्या पावडरीनं माखलेला दांडा. मग पानं बाजूला सारत मादी फूल शोधायचं आणि गुडघे टेकून, तोंड फुलाजवळ नेऊन, तो दांडा आतल्या चिकट गाठोळीवर सगळ्या बाजूंनी हलक्या हातानं फिरवायचा. फुलात कधी कधी रात्री मुक्कामाला राहिलेला एखादा मुंगळा असतो. त्याची झोपमोड झाली की तो आपली नापसंती थेट बोटावर नोंदवतो. वेळ एकूण मिनिटभराचा. पण नेमका त्याच मिनिटाला सगळी कॉलनी फिरायला बाहेर पडते.

"काय हो, चष्मा पडला का?" फाटकाबाहेरून एक गृहस्थ.

"नाही, परागीभवन करतोय."

"अरेरे. कधीपासून त्रास आहे?"

अशी फुलं हळूहळू फळं धरू लागली की आई बागेचा ताबा घेते आणि घरात एक कायदा लागू होतो: भोपळ्याकडे बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की भोपळा कुजतो. हा कायदा आईचा एकटीचा नाही, उभ्या महाराष्ट्राचा आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीमुळे भोपळा दाखवण्याचे फार सुंदर प्रकार निघाले आहेत. कुणी कोपरानं दाखवतं, कुणी हनुवटीनं. काकू बोट दुमडून दाखवतात. दुमडलेल्या बोटाला कायद्यात सूट आहे. सर नुसतेच "तिसऱ्या पानाखाली, नैर्ऋत्येला" असं सांगतात आणि त्यामुळे कुणालाच काही दिसत नाही, तेव्हा त्यांच्यापासून भोपळा सर्वांत सुरक्षित.

तरीही गोट्या गळतात. कारण साधं असतं. पराग पोचलेले नसतात, किंवा फळमाशीनं कोवळ्या सालीत अंडी घातलेली असतात, किंवा वेलीवर आधीच पोसायला तीन भोपळे आहेत म्हणून वेल चौथ्याला स्वतःहून सोडून देते. पण या कारणांत गुन्हेगार नाही. बोटाच्या कायद्यात आहे. प्रत्येक गळलेल्या गोटीनंतर आमच्याकडे चौकशी बसते. काल कोण आलं होतं? दूधवाला आला होता, पण त्याच्या दोन्ही हातांत किटल्या होत्या. सिलिंडरवाला आला होता, त्याचे हात मोकळे नव्हते. पाहुण्यांचा एक लहान मुलगा आला होता आणि तो "ते बघ, ते बघ" असं ओरडल्याचं दोघांनी ऐकलं होतं. निकाल लागला. विज्ञानाचं म्हणणं खरं असेलही, पण मधमाशी न आल्याबद्दल मधमाशीच्या आईला फोन करून सुनावता येत नाही. मुलाच्या आईला येतं.

भाद्रपदात वेलीवर भुरी आली. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग. सरांनी ताक पातळ करून फवारायला सांगितलं. "वेलीला ताक?" आईनं विचारलं, "आणि जेवताना तुम्हाला काय देऊ, युरिया?" शेवटी कढीपुरतं ठेवून उरलेलं वेलीला मिळालं. सकाळी लवकर उठून पानांवरचे तांबडे भुंगेरे हातानं वेचायचे, कारण तेव्हा ते थंडीनं सुस्त असतात, हाही सरांचाच सल्ला. त्यावर काकांनी विचारलं की सकाळी लवकर उठल्यावर आपण सुस्त नसतो का? या प्रश्नाचं उत्तर जीवशास्त्राला देता आलेलं नाही.

त्याच सुमाराला ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात पिकलेलं खायचं. आईनं एक कोवळा भोपळा काढला. अळू, भेंडी, पडवळ, मक्याचं कणीस, शेंगदाणे, मिरची आणि भोपळा अशी भाजी शिजली आणि सर जेवायला होते. निवृत्त शिक्षकाला ताट वाढलं तरी त्याच्या डोक्यातली तासिका चालूच असते. "वहिनी," ते आईला म्हणाले, "या ऋषींच्या भाजीतला भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या एका गुहेत भोपळ्याच्या जवळपास १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. मका तिकडचाच. मिरची तिकडची, शेंगदाणाही तिकडचा. कोलंबस तिथे पोचल्यानंतर हे सगळं इकडे आलं, बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून."

आईनं त्यांना आणखी भाजी वाढली. "म्हणजे आपले ऋषी तिथवर जाऊन आले होते तर," ती म्हणाली.

सरांनी भाजीकडे बघितलं, ताटाबाहेरच्या सगळ्या इतिहासाकडे बघितलं आणि "मीठ अगदी बेताचं झालंय" असं म्हणाले.

भोपळे भरू लागले तसा कॉलनीचा स्वभाव बदलला. एरवी दुसऱ्याच्या नव्या गाडीकडे ढुंकूनही न बघणारी माणसं फाटकाशी थांबून वजनाचे अंदाज सांगू लागली. पाच किलो, सात किलो, दहा. भिंतीवरच्या फळाला आधार म्हणून जुन्या साडीची झोळी बांधली होती. ती बघून पोस्टमननं मुलगा की मुलगी विचारलं. आमच्या मोठ्या भोपळ्याचं कौतुक फार वाढायला लागलं तेव्हा सरांनी सगळ्यांना जमिनीवर आणलं. २०२३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथल्या स्पर्धेत एक भोपळा १,२४७ किलो भरला होता. "पिकवणारे गृहस्थ शिक्षक आहेत," हे सांगताना सरांचा आवाज किंचित चढला. "बागकामाचे शिक्षक!" हे राक्षसी भोपळे बहुतेक सगळे 'अटलांटिक जायंट' या एका जातीचे. ती कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावी हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं निवडून निवडून तयार केली. तो भोपळा ऐन भरात आला की दिवसाला पंधरा-वीस किलोसुद्धा वाढतो. त्या विंडसरच्या लोकांनी १९९९ साली भोपळे कोरून, आत बसून, वल्ही मारत तळ्यात शर्यत लावायला सुरुवात केली.

"भोपळ्यात बसतात?" काकूंनी विचारलं.

"आपली म्हातारी नाही का लेकीकडून भोपळ्यात बसून आली?" आई म्हणाली. "तिला तर वल्हीसुद्धा लागली नाहीत. शिवाय वाटेत वाघ होता."

इतक्या वर्षांत त्या गोष्टीतल्या भोपळ्याच्या वजनाची शंका आम्हाला कधी आली नव्हती. ती त्या दिवशी मिटली.

भोपळा तयार झाला हे कसं ओळखायचं? देठ वाळून लाकडासारखा टणक होतो आणि सालीत नख रुतत नाही. ही नखाची परीक्षा फार लोकप्रिय आहे, कारण तिला ज्ञान लागत नाही, नख लागतं. आश्विन लागला तेव्हा आमच्या मोठ्या भोपळ्यावर साऱ्या कॉलनीची हजेरी लागलेली होती, सिलिंडरवाल्यासकट. मग एका रविवारी चांगला चार बोटं देठ ठेवून तो काढला. देठ ठेवायचा असतो, कारण देठ मोडला की तिथूनच सड सुरू होते. वाणसामानाच्या दुकानातल्या काट्यावर तो नऊ किलो भरला. दुकानदारानं विचारलं, "विकायचाय?" आणि आम्ही ज्या अभिमानानं "छे हो, घरचा आहे" म्हणालो, त्या अभिमानाची किंमत आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती.

अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची, अशी आमच्याकडे रीत आहे. ज्याला एरवी घरातल्या सुऱ्या कुठल्या खणात असतात हे माहीत नसतं, त्याला त्या दिवशी मानानं ओट्यापुढे उभं करतात. सगळे भोवती जमतात. सुरी दोन बोटं आत जाते आणि तिथेच बसते. पुढे जात नाही, मागे येत नाही. ओढली की सुरीबरोबर नऊ किलोचा भोपळाही वर येतो, आणि आता हा खाली ठेवायचा कसा, हा नवा प्रश्न पडतो. सूचना सुरू होतात. वरवंट्यानं ठोका. तिरपी धरा. फरशीवर आपटा. शेवटी आईनं विळी मांडली. "झाला तुमचा मान," ती म्हणाली, "आता जरा बाजूला व्हा." ती पाटावर बसली, भोपळा दोन्ही हातांनी विळीच्या पात्यावर टेकवला आणि अंगाचा भार पुढे टाकत एकदाच दाबला. कर्रर्र आवाज करत त्याची दोन शकलं झाली. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते नेमकं काय असतं हे तिथे दिसलं: सख्य नव्हतंच, पण व्यवहार चोख होता. आत गर्द केशरी गर, ओलसर दोऱ्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या शे-दोनशे गुळगुळीत बिया. घरभर काकडीच्या जवळपासचा, पण जरा गोडसर वास.

इथवर सगळा आनंद होता. मग हिशेब सुरू झाला.

नऊ किलो म्हणजे छत्तीस पाव. आमच्या चौघांच्या घरात एका वेळेला पाव किलोची भाजी पुरते आणि त्यानंतर पंधरा दिवस भोपळ्याचं नाव निघत नाही. छत्तीस गुणिले पंधरा. एक भोपळा दीड वर्ष. न चिरलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी तीन-चार महिनेही आरामात राहतो. जुन्या घरांत तो शिंक्यात टांगलेला असायचा आणि टांगलेला आहे तोवर कुणाच्याही जिवाला घोर नसायचा. पण एकदा चिरला की फ्रिजमध्येसुद्धा तो जेमतेम आठवडाभर तग धरतो. म्हणजे भोपळा चिरणं हा निर्णय आहे आणि तो वीस-पंचवीस माणसांच्या घरात घ्यायचा निर्णय आहे. त्यानं आपला आकार ठरवला तेव्हा वाडे होते, माजघरं होती, एका वेळेला दोन पंगती उठत होत्या. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेनं 'अर्का सूर्यमुखी' नावाची एक-दीड किलोची जात काढली आहे, ती आता कुठे आपल्या मापाची. एकत्र कुटुंबं मोडल्याची खबर शास्त्रज्ञांना लागलेली आहे. आमच्या खड्ड्यातल्या वेलीला ती कुणी कळवली नव्हती.

तेव्हा वाटणं आलं. भोपळ्याची फोड घेऊन शेजारी जाणं हा नातेसंबंध मोजायचा खात्रीचा मार्ग आहे. आंबे नेले तर दार उघडायच्या आधी "या या" ऐकू येतं. भोपळा नेला तर आधी हातातल्या ताटलीकडे नजर जाते. "आमच्याकडे कुणी खात नाही हो." "कालच आणला बघा मंडईतून." "यांना शुगर आहे, गोड भाजी चालत नाही." एका घरात तर दाराशी आलेल्या चिमुरडीनं आत वळून "आई, भोपळेवाले काका आलेत" असं सांगितलं. आमच्या घराण्याचं आडनाव तीन पिढ्या साताऱ्यात आहे. ते पुसून जायला एक हंगाम पुरला. ज्यांनी निमूटपणे घेतली त्यांच्याबद्दल मनात जागा निर्माण झाली. ज्यांनी मागून घेतली ते काका निघाले आणि त्यांनी ती हक्कानं घेतली, कारण वेल त्यांच्या हद्दीतून गेलेली होती.

पण खरी गंमत पुढे होती. मराठी माणूस शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाही. हा आपला फार जुना, फार चांगला रिवाज आहे आणि भोपळ्याच्या बाबतीत तो फार घातक आहे. दुसऱ्या दिवसापासून ताटल्या परत येऊ लागल्या. एकीत घारगे आले: गुळात शिजवलेला कीस, कणीक, तांदळाची पिठी, वरून खसखस, तळून खरपूस. एकीत दह्यातलं भरीत, वर हिंग-मिरचीची फोडणी. काकूंचं माहेर नागपूरचं. त्यांच्याकडून खसखस आणि सुकं खोबरं वाटून लावलेली झणझणीत बाकर भाजी आली. रत्नागिरीच्या वहिनींनी वडे पाठवले आणि "काळ्या वाटाण्याचं सांबार उद्या देते" असं सांगून धमकीही दिली. एका घरून मेथीदाण्याची फोडणी दिलेली, गूळ घातलेली साधी भाजी आली. ती अगदी आईच्या हातची वाटली, कारण आईनंच त्यांना कृती सांगितली होती. आठवडाभर आम्ही आपलाच भोपळा पाच जिल्ह्यांच्या पद्धतीनं खाल्ला. जेवढा दिला त्याहून जास्त परत आला. तेल, गूळ, कणीक आणि शेजाऱ्यांची माया मिसळून आल्यामुळे वजनही वाढलेलं. घारग्यांच्या ताटल्याही रिकाम्या परत करता येत नव्हत्या. त्यात काय घालायचं, यावर घरात बैठक झाली आणि फ्रिजमध्ये उरलेल्या फोडींकडे सगळ्यांचं एकदम लक्ष गेलं.

माळ्यावर अजून तीन भोपळे होते, देठासकट, न चिरलेले. जेवताना कुणी वर बघत नसे.

सुटका देवीनं केली. नवरात्र उठल्यावर देवळात महाप्रसाद असतो: पुरी, भात, आमटी, खीर आणि भोपळ्याची भाजी. पंगतीला भोपळा का हे त्या दिवशी उमगलं. तो स्वस्त आहे, निवडावा लागत नाही, हां हां म्हणता शिजतो, कुणाच्या उपासाच्या आड येत नाही आणि मुख्य म्हणजे मोठा आहे. आमच्या घरात जो दोष होता तो देवळाच्या मागच्या चुलवणावर गुण होता. तिन्ही भोपळे स्कूटरवर घातले, एक पायाशी आणि दोन आईच्या मांडीवर. मनात थोडा अभिमान होता, तो खरं तर एव्हाना संपायला हवा होता. देवळामागे आचारी लुंगी खोचून कढईपाशी बसला होता. त्यानं एक भोपळा उचलला, अंगठ्यानं टिचकी मारून ऐकला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग आमच्या मागे, स्कूटरच्या मागे, रस्त्यावर कुणी आणखी येतंय का ते बघितलं.

"पाचशे पानं आहेत साहेब," तो म्हणाला. "हे वाढायचे का नुसते दाखवायचे?"

मग त्यानं पोत्याखालून कोयता काढला. तिन्ही भोपळे आम्ही तिथून निघायच्या आत परातीत गेले, परातीतून कढईत गेले, आणि तिथे आधीच शिजत असलेल्या भोपळ्यांत असे मिसळले की आमचे कोणते ते परागीभवन करणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पंगतीत ती भाजी दोनदा मागून घेणारे दोघे होते: एक ते, ज्यांच्याकडे कुणी खात नाही, आणि दुसरे ते, ज्यांना शुगर आहे.

परत निघालो तेव्हा आई मागे बसली, पदर सावरला आणि बराच वेळ गप्प होती. तिला आचाऱ्याचं बोलणं लागलं होतं. पोवई नाक्याच्या चढावर ती म्हणाली, "तीनच नेले. बरं नाही दिसलं. पुढच्या वर्षी दोन वेली लावू."

माझे दोन्ही हात हँडलवर होते, नाही तर मी तिथेच जोडले असते.